गोष्टीतल्या माणसाची हाडं

जामसरची फागी हाडं बसवायची. झाडावरून पडलेला असो नाहीतर बैलानं उडवलेला, लोक त्याला डोलीत घालून तिच्या अंगणात आणत. ती बोटांनी चाचपून मोडलेली जागा शोधी, पाला वाटून लावी आणि बांबूच्या कामट्यांनी घट्ट बांधी. तिच्या हातचं हाड वाकडं जुळलं, असं कधी कुणी म्हटलं नाही.

जव्हारात राहणारे खारकर मास्तर पायरीवरून घसरले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं, तेव्हा त्यांनीही फागीलाच बोलावलं. मग दर बाजाराच्या दिवशी ती पट्टी बघायला त्यांच्या ओटीवर जाई.

तिसऱ्या खेपेला मास्तरांनी विचारलं, "फागे, मोटारीच्या अपघातात माणसाला काय काय लागतं गं?"

फागीचे हात थांबले. "कोनाला लागलं? कुठं हाय त्यो?"

"कुणाला नाही. मी गोष्ट लिहितोय, त्यातला खोटा माणूस. मासिकानं गोष्ट परत पाठवली. दोन्ही पाय मोडलेला नायक आठव्या दिवशी जिना कसा उतरतो, म्हणून विचारलंय. खरं वाटेल असं काय मोडू त्याचं?"

खोट्या माणसाला खरं लागायला हवं, हे फागीला उमजायला वेळ लागला. मग तिनं विचारलं, "त्यो मोटारीत बसला व्हता का रस्त्यानं चालत व्हता?"

"बसला होता. स्वतःच चालवत होता. मोटार झाडावर आदळली."

मोटारीत बसलेल्यांचं तिला काही ठाऊक नव्हतं. पण बैलगाडी उलटून छातीवर जू पडलेला एक गाडीवान तिनं पाहिला होता. "फासळ्या मोडतील," ती म्हणाली. "श्वास घेताना कळ येल. खोकल्यात रगत आलं तं समजायचं, हाड आत घुसलंय."

मास्तर भराभर लिहीत होते. "याहून गंभीर हवं. वाचणाऱ्याचा जीव टांगणीला लागला पाहिजे."

चार वर्षांपूर्वी, फाल्गुनात, फागीची लेक सोमी लाकडाची मोळी घेऊन घाटातल्या वळणावरून चालली होती. एका ठेकेदाराची लॉरी तिला उडवून निघून गेली. हे मास्तरांना माहीत नव्हतं आणि फागीनं सांगितलंही नाही.

"मांडी मोडंल," ती म्हणाली. "ती बांधायची. बांधली का बरं वाटतं. मानूस बोलतं, पेज मागतं. आपल्याला वाटतं, तीन महिन्यांत चालंल. पोटाकडं कोनी बघत नाय. दुसऱ्या दिवशी पोट टणक व्हतं, हात लावू देत नाय. तोंड पांढरं पडतं. सारखं पानी मागते. तिसऱ्या दिवशी गेली. पाय सरळ व्हता."

"गेली नाही, गेला म्हण. नायक आहे तो," मास्तर लिहितालिहिता म्हणाले. मग त्यांची लेखणी थांबली. "पण मरून कसं चालेल? शेवटी त्याचं लग्न आहे. असं करू, मांडी राहू दे, पोट काढून टाकू."

त्यांनी दोन ओळींवर काट मारली. फागी त्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण काट कळत होती.

"तीन महिन्यांनी काठी टेकत उठतो. चालेल ना?"

"चालंल," फागी म्हणाली आणि त्यांच्या मनगटाची पट्टी बांधू लागली.

गोष्ट छापून आली म्हणतात. मास्तरांचं मनगटही चांगलं जुळलं.

फागी मात्र त्यानंतर कुणालाही आणलं की आधी पोट दाबून बघू लागली. पुढच्या वर्षी वावर गावचा पोश्या मोहाच्या झाडावरून पडला. मांडी मोडली होती. फागीनं पोटावर हात ठेवला आणि काढून घेतला.

पोश्याची बायको बाळी म्हणाली, "पाय तरी बांध, आये."

"पायानं काय व्हनार नाय."

"मंग पोटाला औषध दे."

"पोटाचं मला येत नाय, बाय."

पोश्यानं पाणी मागितलं. बाळीनं पाजलं. माणसांनी डोली उचलून जव्हारच्या दवाखान्याची वाट धरली, पण पोश्या वाटेतच गेला. फागीनं पाय बांधला असता तर वाचला असता, असं बाळी गावोगाव सांगत राहिली. फागीला ते ऐकू येई. माणूस जाणार हे पूर्वी तिला तिसऱ्या दिवशी कळायचं, आता आधीच कळत होतं, एवढाच काय तो फरक पडला होता.

हळूहळू डोल्या खोडाळ्याच्या वैदूकडे जाऊ लागल्या. फागी नागलीच्या रानात राखणीला बसू लागली. एकदा सुनेनं म्हटलं, "मला तरी शिकव."

"नको," फागी म्हणाली. "नुसतं बघत बसाया लागतं."

ती गेली तेव्हा जामसरात हाड बसवणारं कुणी उरलं नव्हतं.