दुसरा गिअर कधी पडतो

"थांबा, बोलू नगा," म्हणत मिस्त्री तर्जनी वर करायचे आणि डोळे मिटायचे. समोर मांडीवर मावेल एवढा ट्रक ठोकळ्यावर ठेवलेला, चाकं अधांतरी फिरवत किंचाळत असायचा. आवाज चढत चढत जायचा, मग एकदम खाली यायचा. त्याच क्षणी बोट खाली. "पडला दुसरा."

शिरोली एमआयडीसीत माझं गिअर कापायचं वर्कशॉप आहे. मिस्त्री शेजारच्या फाउंड्रीतून निवृत्त झालेले. नायट्रो इंधनावर पळणाऱ्या रिमोटच्या ट्रकांचा नाद त्यांनी इथल्या निम्म्या कारखानदारांना लावला. रविवारी मागच्या मोकळ्या प्लॉटवर शर्यत. ह्या ट्रकांचा दुसरा गिअर आपोआप पडतो; तो कधी पडावा हे एका बारीक स्क्रूवर ठरतं, आणि तो स्क्रू मिस्त्रींखेरीज कुणी फिरवायचा नाही, असा आमच्यात रिवाजच पडला होता.

कुणी तीन गिअरचा सेट आणला की ते उखडायचे. "तीन कशाला? ट्रक हाय का यष्टी? ऐकायच्या जागा दोन झाल्या की!"

"मग एकच ठेवा. भानगडच नको," मी म्हणायची.

"वैनी, एक गिअर म्हंजे नुसता आरडाओरडा. त्यात ऐकायचं काय?"

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याच्या हाताखालून गेल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही.

गेल्या हिवाळ्यात इंजिनं मरायला लागली. दुसरा गिअर उशिरा पडायचा, तोवर इंजिन पहिल्यातच गरगरून तापायचं आणि आतला दांडा तुटायचा. लोक माझ्याकडे बघू लागले, कारण ट्रकांतले गिअर मी कापलेले. मी सगळे पुन्हा मोजले. चूक सापडली नाही.

माणूस बहिरा होतोय हे कोल्हापुरात उशिराच कळतं. इथं 'जेवलासा का' हेसुद्धा रस्त्यापलीकडून ओरडून विचारतात.

एका दुपारी मिस्त्री स्वतःच ट्रक घेऊन वर्कशॉपवर आले. "वैनी, तीनच गिअर बसवा. दोनात आता जमंना."

मला ते पटलं नाही. मी ट्रक ठोकळ्यावर ठेवून चालू करायला लावला. बोट वर, डोळे मिटलेले. आवाज चढत राहिला. बोट खाली आलं.

"पडला."

आवाज अजून चढतच होता. मी इंधनाची नळी दाबून इंजिन बंद केलं.

"मिस्त्री, पडला नव्हता."

"पडला की!"

"नव्हता."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. डोळ्यांकडे नाही, ओठांकडे. मग चिंधीला हात पुसत बसले. हात स्वच्छच होते.

"कानाचं मशीन घ्या," मी म्हटलं.

"घेतलंय. त्यात समदंच किंचाळतंय." चिंधी बाजूला ठेवून म्हणाले, "कुणाला बोललासा?"

"नाही."

"बोला. लोकांची इंजिनं जात्यात. माझ्या तोंडानं न्हाय व्हायचं ते." मग ट्रक माझ्याकडे सरकवला. "आन् ह्यात एकच गिअर घाला."

रविवारी मी सगळ्यांना सांगितलं. दोन वाक्यांत. तरी सवयीनं दोघं ट्रक घेऊन त्यांच्याकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवरून, काहीतरी विसरल्यासारखं करून, परत फिरले. मिस्त्रींनी ते पाहिलं. त्यांचा एका गिअरचा ट्रक त्या दिवशी पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होता. नंतर सरळ रस्त्यावर सगळे त्याला मागे टाकून गेले.

आता स्क्रू ज्याचा तो फिरवतो. भांडणंही होतात. मिस्त्री येतात, पण प्लॉटच्या पार टोकाला, हायवेला लागून असलेल्या कठड्यावर बसतात. एकदा मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले आणि तिथंच टेकले. पाठीमागून उसाचे, लोखंडाचे, कंटेनरचे खरे ट्रक धडधडत जात होते. समोर मैदानावर धुरळा उडत होता, ट्रक वळत होते, माणसं हातवारे करत होती. त्या जागेवरून मलाही काही ऐकू येत नव्हतं.