बिनचिठ्ठीचे डबे

१८ डिसेंबर १९८७, शुक्रवार. सकाळी दहाच्या सुमाराला मी परातीत लोणी आणि साखर फेसत होते. नाताळाला आठवडा राहिला होता. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या म्हाताऱ्या-आजारी चौदा घरांना केक पोहोचवायचे काम महिला मंडळाकडे, म्हणजे शेवटी माझ्याकडेच असे. खडकीत तेव्हा कुणाच्या घरी भट्टी नव्हती. पीठ घरी कालवायचे, डब्यांत ओतायचे, डब्यांवर नावाची चिठ्ठी लावायची आणि हमीदभाईंच्या बेकरीत भाजायला द्यायचे. सगळ्या घरांचे डबे दिसायला सारखेच, म्हणून चिठ्ठीला महत्त्व.

डबे न्यायचे-आणायचे काम माझ्या धाकट्या दिरांचे, शमुभावजींचे. ते दुकानांच्या पाट्या रंगवत. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको सारा गेली, तेव्हापासून ब्रश माळ्यावर होता आणि ते आमच्या घरी होते. जेवत, सांगितलेले काम करत, आणि दिवसभरात दहा-बारा शब्द बोलत. मला त्यांची दया येई, पण ती दया दोन वर्षे रोज दोन वेळचे ताट वाढून जरा पातळ झाली होती. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा कुणी म्हटले असते तर भांडले असते.

त्या सकाळी ते आदल्या दिवशी दिलेले डबे घेऊन आले. मी झाकण काढले. आमच्या मनुका-अक्रोडाच्या केकच्या जागी कुणाचे तरी कोरडे, बडीशेप घातलेले केक. चौदाही डबे तसेच, आणि एकावरही चिठ्ठी नाही. मंडळातल्या दोघी, रूथबाई आणि शांताबाई, शेजारी बसून मनुका निवडत होत्या. रूथबाई हसत म्हणाल्या, "अहो, कुणाच्या घरी लॉटरी लागली म्हणायची!" मला त्या हसण्याचाच राग आला असावा. मी भावजींकडे वळून म्हणाले, "एक चिठ्ठी चिकटवता येत नाही तुम्हाला. तुम्हा दोघांत देवाने चुकीचे माणूस नेले."

बोलताना आवाजसुद्धा चढला नव्हता. मला ओरडायची कधी गरज पडत नाही, याचा मला अभिमानच होता. भावजींनी माझ्याकडे पाहिले, हातातला शेवटचा डबा ओट्यावर नीट सरळ ठेवला आणि आत गेले. थोड्या वेळाने बाहेरचे दार ओढून घेतल्याचा आवाज आला. शांताबाई खाली मान घालून मनुका निवडत राहिल्या. मग अकराला, ठरल्याप्रमाणे, आम्ही तिघींनी प्रार्थना केली आणि ती नेहमीप्रमाणे मी चालवली. नाताळाच्या शांतीसाठी, दुःखी घरांसाठी, एकट्या पडलेल्यांसाठी. चांगली दहा मिनिटे. माझी प्रार्थना मंडळीत नावाजलेली होती. कुणाचे घर भरायचे असो की कुणाला पुरायचे असो, पाळकसाहेब हमखास मलाच उभे करत.

साडेबाराला ताटे घेतली. भावजी जेवणाच्या वेळेला कधी चुकत नसत. पाऊण वाजला. त्यांच्या खोलीत डोकावले, तर फळीवर त्यांचे घड्याळ, घराची किल्ली आणि साराने दिलेले पेन ओळीने मांडून ठेवलेले. त्या तीन वस्तू इतक्या नीट मांडलेल्या पाहून मी तशीच गॅलरीत धावले. बाहेर जाणारा माणूस घड्याळ घालून जातो. शेजारच्या काकू गॅलरीत होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचे दीर ना? मघाशी फाटकाकडे गेले. मी हाक मारली, पण ऐकू आली नसावी."

आमचे हे कामावर होते, पाळी सुटायला तीन तास होते. मी पदर खोचला, चपला घातल्या आणि रेल्वेच्या फाटकाकडे निघाले. वाटेत हमीदभाईंची बेकरी लागते. शुक्रवारची नमाजाची वेळ होती, शटर अर्धे खाली होते. मी तशीच पुढे गेले. फाटकाशी चार माणसे जमून पुण्याच्या दिशेला बघत होती. मी फाटकवाल्याला विचारले, एक उंच, अंगात राखी स्वेटर घातलेला माणूस दिसला का? तो म्हणाला, "लई येळ उभा व्हता बाई हितंच. मंग मी गाडीच्या गडबडीत. आत्ता गाडी मधीच थांबलीया. कायतरी आलंया म्हणं खाली."

थांबलेल्या गाडीपाशी जमलेली गर्दी रुळांच्या कडेने फार तर दोन फर्लांग लांब होती. मी खडीवरून चालू लागले आणि चालता चालता प्रार्थना करायला गेले. शब्द नव्हते. एकही नव्हता. रोज दहा-पंधरा मिनिटे न अडखळता बोलणारी मी, आणि तोंडात सकाळचे ते एकच वाक्य फिरत होते. लहानपणापासून शिकले होते की देव बोलला आणि जग झाले, शब्दात जीवन आहे आणि मरणही आहे. रविवारच्या शाळेत मी मुलांना हे शिकवतही होते. पण माझ्या तोंडून निघालेला शब्द असा घराबाहेर पडून रुळांपर्यंत चालत गेला असेल, हे मला पहिल्यांदाच दिसत होते. अर्ध्या वाटेवर मी थांबले आणि मोठ्याने म्हणाले, "प्रभू, माझा शब्द परत घे. माझ्याने घेववत नाही." एवढीच प्रार्थना. पुढे आमेनसुद्धा म्हणायचे राहिले.

गर्दीत एक शेळी मरून पडली होती. तिची मालकीण गार्डाशी भांडत होती. मी तिथेच खडीवर बसले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मग उठले, कारण भावजी अजून सापडलेले नव्हते.

परतताना बेकरीचे शटर वर गेलेले होते. हमीदभाईंना विचारावे म्हणून आत पाय टाकला, तर गल्ल्याच्या मागे, मैद्याच्या पोत्यावर शमुभावजी बसलेले. पुढ्यात पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, हातात बेकरीतलाच एक बारीक ब्रश. आपल्या त्या देखण्या अक्षरात ते एकेक नाव लिहीत होते. मला पाहून त्यांचा हात थांबला.

हमीदभाई टोपी खिशात घालत म्हणाले, "या बहेनजी. सकाळचा घोळ माझ्याच भट्टीवर झाला. पेंटरने चिठ्ठ्या बरोबर लावल्या होत्या. माझ्या माणसाने डब्यांवर ओलं फडकं फिरवलं, सगळ्या सुटल्या." मग आवाज खाली करून, "मी नमाजला निघालो होतो. नेहमी मागच्या गल्लीने जातो, आज फाटकाकडून का गेलो, मालूम नाही. पेंटर रुळाकडे बघत उभा. मी हाक मारली, पेंटर, चूक माझी आहे, माझी अब्रू वाचव. जरा दुकान बघ, नव्या चिठ्ठ्या लिही, मी नमाज पढून येतो. बस. एवढंच बोललो."

म्हणजे मी बेकरीवरून गेले तेव्हा त्या अर्ध्या शटरच्या आत भावजी बसलेले होते. मी रुळावर मागणे मागितले, त्याच्या आधीच ते देऊन झाले होते. यावर मी कुणाशी वाद घालत नाही. एका माणसाने एक वाक्य बोलून त्यांना रुळाकडे ढकलले आणि दुसऱ्याने एक वाक्य बोलून परत आणले. दुसरा माणूस आमच्या मंडळीतला नव्हता, हेही मी मुद्दाम लिहून ठेवते.

मी तिथेच, पाव घ्यायला आलेल्या दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, "भावजी, मी सकाळी बोलले ते खोटे होते. पाप होते. घरी चला."

त्यांनी ब्रश रंगात बुडवला. मग म्हणाले, "वहिनी, नऊ चिठ्ठ्या राहिल्यात. एवढ्या पुऱ्या करू द्या."

मी बाकावर बसून राहिले. नऊ चिठ्ठ्यांइतके थांबणे मला आयुष्यात कधी जमले नव्हते. दुसऱ्याच्या हातात काम असताना गप्प बसणे, ते आपल्या वेळेला होणार नाही हे मान्य करणे, यालाच शरण जाणे म्हणत असावेत. मला ते फार मोठ्या शब्दांत सांगता येत नाही, आणि आता मोठ्या शब्दांची भीतीही वाटते. त्या दिवसानंतरही भावजी लगेच बोलू-हसू लागले असे नाही. त्याला वेळ लागला. पण देवाने मला तो वेळ दिला, यासाठी मी रोज आभार मानते, दोनच ओळींत.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापायच्या आधी, मी रूथबाईंच्या आणि मग शांताबाईंच्या दारात गेले. रूथबाई म्हणाल्या, "अहो, कालच विसरलो आम्ही. आत तरी या." मी म्हटले, "तेव्हा ऐकलेत, आता हेही ऐका," आणि उंबऱ्यातच उभी राहून माझे वाक्य त्यांच्यासमोर खोडून आले. घरी आले तर भावजी मनगटावर घड्याळ बांधून नवे डबे पिशवीत भरत होते. चिठ्ठ्या लावल्यात का, हे माझ्या अगदी ओठांवर आले होते. मी तोंड मिटले. मग, ते कामाला निघताना सारा ठेवायची तसा, त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांभाळून जा. प्रभू तुमच्याबरोबर असो."