आमच्या मिशन शाळेची हजेरी

मास्तरकी केलेल्या माणसाला दोन गोष्टी चिकटतात, खडूचा खोकला आणि किस्से. खोकला काढ्यानं जातो. किस्से मात्र वाढतच जातात, आणि मला तर बोलायला नुसतं निमित्त लागतं. तेव्हा बसा.

मी वालूरची. निजामी नुकतीच गेली होती, तेव्हा पेडगावच्या पुढच्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले. शाळा चालवायचे एक फादर, परदेशातून आलेले, दाढीवाले. त्यांच्यावर बोर्ड. बोर्ड म्हणजे लांब शहरात बसलेले चार-पाच मोठे फादर. कुठली मिशन शाळा ठेवायची, कुठली बंद करायची, ते ठरवायचे. वर्षातून एकदा त्यांच्यातले एक तपासणीला यायचे आणि पोरं मोजायचे. आमची निम्मी पोरं मेंढपाळांची. मेंढरं लांब चारणीला गेली की पोरंही गेली! शाळा बंद पडली तर दुसरी शाळा पार परभणीत, म्हणजे पोरींचं शिक्षण तिथंच संपलं. त्यामुळं बोर्ड म्हटलं की मी हजेरीपट घेऊन पोरं मोजायला बसायची.

* * *

एकदा बोर्डाचा हुकूम आला, प्रत्येक शाळेला बाग पाहिजे. आम्ही वाफे केले, मेथी-वांगी लावली. पण आमची पोरं शाळेत यायची ती शेळ्या घेऊनच. आठ दिवसांत वाफे साफ. तपासणीला आलेले फादर विचारायला लागले, बाग कुठंय? आमच्या फादरनी कुंपणापाशी उभ्या शेळीकडं बोट केलं.

"ती काय, चरायलीय."

पाहुण्यांनी तिच्याच दुधाचा चहा घेतला आणि विषय संपला.

* * *

फादर लोक पोरं बाटवतील, अशी गावात कुजबुज होती. पाटील म्हणाले, मी स्वतः बसून बघतो. फेटा, काठी घेऊन वर्गात मागं मांडी ठोकून बसले. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर गणित लिहीत होते, तर मागं बडबड. मी न वळताच ओरडले, "कोण बोलायलंय ते? उभं राहा!"

वळून बघते तर पाटील उभे!  घाबरून मी पुन्हा फळ्याकडं वळले आणि गणित लिहीत राहिले. तास संपेस्तोवर बिचारे उभेच. जाताना एवढंच म्हणाले, "नात खरं सांगत होती बाई, तुमी लय कडक हाव."

त्यानंतर बाटवायची गोष्ट गावात कुणी काढली नाही.

* * *

आमच्या फादरनी मोठ्या मेहनतीनं उर्दू शिकून घेतलेली. जिभेवर बसते न बसते तोच निजाम गेला आणि सगळा कारभार मराठीत आला! मग ते मराठी शिकले पारूमावशीकडून. ही मेंढपाळीण शाळेला दूध घालायची. पुढं आमचा मुलूख दुसऱ्या राज्याला जोडला गेला आणि पुण्याकडचे एक शाळा तपासणारे इन्स्पेक्टर आले. फादर त्यांना म्हणाले, "बसा की वो सायेब, लय दमलाव जणू."

साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, तुम्हाला मराठी कुणी शिकवली? फादरनी अभिमानानं पारूमावशीला हाक मारली. ती आली ती काठी घेऊनच.

"का वो, माज्या फादरचं काय चुकलं?"

काहीच चुकलं नाही, असं साहेबांनी लगेच सांगितलं.

* * *

एका साली पावसानं ओढ दिली आणि मेंढरं लवकरच दुधना नदीच्या काठाला गेली. त्यातच बोर्डाचा निरोप, यंदा हजेरी कमी दिसली तर कुलूप! मला तर रडूच आलं. फादर म्हणाले, पोरं शाळेकडं येईनात, तर शाळा पोरांकडं नेऊ. फळा बैलगाडीत टाकला, गावातली पोरं वर बसवली आणि आम्ही पारूमावशीच्या तळावर जाऊन वर्ग भरवला.

बोर्डाचे फादर गावात एसटीतून उतरले. रिकामी शाळा बघून त्यांचं डोकं फिरलं. चौकशी करत, गाडी करून तळावर पोचले.

"याला शाळा म्हणायचं? ना भिंत, ना घंटा!"

मी मान खाली घालून उभी. संपलं सगळं, असंच वाटलं.

पारूमावशी तडक उठली. मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, वाघर म्हणतात तिला, ती तिनं आणली आणि आमच्या सगळ्यांभोवती लावून टाकली. आत बोर्डाचे फादरही! मग म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटा सोडून त्यांच्या हातात दिली.

"ही भिंत झाली. आता वाजवा."

त्यांनी वाजवली. पोरं गप्प बसली. आणि पलीकडं चरणारी सगळी मेंढरं त्या आवाजाला धावत आली, जाळीखालून घुसली, फळ्यापाशी, पोरांच्या मांडीवर, जागा मिळेल तिथं. बोर्डाच्या फादरनी पोरांकडं बघितलं, मेंढरांकडं बघितलं. एक कोकरू त्यांचा झगा चघळायलं होतं. तो हळूच सोडवत ते आमच्या फादरना म्हणाले,

"बोर्डाला कळवतो, जागा अपुरी पडतेय."