साहेबांनी घडवलेली मुलगी

"कुणाची गं तू?" साहेबांनी माईकवरच विचारलं.

दहावीला मी तालुक्यात पहिली आले होते. साहेबांचा वाढदिवस आणि गुणवंतांचा सत्कार एकाच मांडवात होता. दरवर्षी तसंच असायचं. स्टेजवर सरस्वतीचा फोटो. म्हणून साहेब पायऱ्यांशी चपला काढून अनवाणी वर चढत. लोक म्हणत, केवढा मोठा माणूस आणि केवढी नम्रता. ती नम्रता हातात धरून माझा बाप खाली उभा होता.

मी बापाचं नाव सांगितलं. साहेब हसले. "आपल्या शिपायाची? ये रे वर. चपला घेऊनच ये."

मांडव हसला. शिक्षक हसले. माझ्या वर्गातल्या मुली हसल्या. बाप वर आला. आम्हा दोघांना साहेबांच्या पायाशी वाकायला सांगितलं. बाप चपला हातात धरूनच वाकला, खाली ठेवायची हिंमत नव्हती. मग साहेबांनी शेजारच्या सोफ्याकडे हात केला. तिथे त्यांचा मुलगा सरबत पीत बसला होता. दहा वर्षांचा असेल.

"याच्याही पाया पड. उद्याचा साहेब हाच."

त्या पोरानं ग्लास खाली ठेवला नाही. नुसता पाय पुढे केला. त्याला सवय होती. माझा पन्नाशीचा बाप वाकला. मी वाकले. टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी जेवले नाही. आई म्हणाली, उन्हानं झालं असेल.

साहेब कोण होते ते सांगायला हवं. ते कुठल्या देशाचे राजे नव्हते. एका तालुक्याचे होते. पण तालुक्याबाहेर आम्ही पाहिलंच काय होतं? सुरुवातीला ते साधे सरपंच. मग दूध संघ घेतला, मग बँक, मग शाळा, कॉलेज, दवाखाना, मग आमदारकी. एकेक संस्था घेत गेले तसा एकेक माणूस गप्प होत गेला. चौकात त्यांचा पुतळा उभा राहिला, ते जिवंत असताना. त्यांच्या हस्तेच अनावरण. शाळेत प्रार्थनेनंतर त्यांच्यावरचं गाणं म्हणावं लागे. आमच्या भूगोलाच्या बाई ते म्हणत नसत. ओठ घट्ट मिटून उभ्या राहत. एका वर्षी त्यांची बदली संस्थेच्या पार डोंगरातल्या शाळेत झाली. त्यांचं नाव नंतर कुणी काढलं नाही. आम्हीही नाही.

आईबाप, मी आणि माझा भाऊ संस्थेच्या खोलीत राहायचो. वस्तीतून उठून पक्क्या भिंतीत आलो, त्याचे उपकार बाप रोज बोलून दाखवायचा. साहेब नसते तर आपण अजून गावाबाहेर असतो, म्हणायचा. पुढे मी इंजिनियर झाले. शिष्यवृत्ती सरकारची होती, अभ्यास माझा होता. गावात फ्लेक्स लागला, त्यात माझा फोटो बोटाएवढा आणि साहेबांचा पुरुषभर. खाली लिहिलं होतं, साहेबांनी घडवलेली मुलगी.

नोकरीनं मला हॉलंडमध्ये, आइंडहोव्हनला आणलं. चिप बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर. इथे ऑफिसात सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. सगळ्यांत वरच्या माणसालाही. त्याचं नुसतं नाव तोंडातून यायला मला वर्ष लागलं. नाव उच्चारताना मान आपोआप खाली जायची.

मग कोरोना आला. ऑफिस बंद. एक खोली, एक खिडकी, एक लॅपटॉप. समोरच्या इमारतीतली म्हातारी बाल्कनीत यायची, हात हलवायची. काही आठवडे तर तेवढंच माणूस. इथली मराठी कुटुंबं गणपतीला बोलवायची, एरवी ज्याचं त्याचं घर. मी एकटी, लग्न न केलेली, आडनावावरून जरा थबकून विचारपूस होणारी. मी आपली लांबच राहायचे. मीटिंगमध्ये दिवसभर बोलायचे आणि लॅपटॉप मिटला की खोलीत स्वतःचा श्वास ऐकू यायचा.

एक दिवस बापाचा फोन. आवाजात आनंद. "अगं, धाकटे साहेब तिकडंच हायेत की. एनस्खेडे का काय, शिकायला. अडकलेत. पोर एकटंय. तू बघ जरा त्यांच्याकडं."

मी पण एकटीच होते. बापाला ते सुचलं नाही.

मी भाजी, पोळ्या, वरण केलं. मास्क लावून, गाड्या बदलत, देशाच्या दुसऱ्या टोकाला गेले. डबा भरभरून. गाडीच्या रिकाम्या डब्यात मी आणि माझी पिशवी. त्यानं दार अर्धं उघडलं. उंच झाला होता. दाढी राखली होती.

"तिथंच ठेव. बाहेरून आलीयेस."

मी त्याच्याहून मोठी. तो मला अगं-तुगं करत होता आणि मी त्याला अहो-जाहो. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढच्या खेपेला त्यानं आत घेतलं. सिंक भांड्यांनी भरलेलं.

"आलीच आहेस तर एवढी घासून जा. मला सवय नाही."

मी "बरं" म्हटलं. शिकलेली, परदेशात कमावती बाई मी. बाही वर केली आणि घासली. तो मागे खुर्चीवर बसून फोनवर कुणाला तरी हसत सांगत होता, "आपल्या शिपायाची मुलगी आहे ना, ती येते." निघताना म्हणाला, "पप्पांना सांगतो, पोरगी चांगली आहे म्हणून."

परतीच्या गाडीत मी हात मांडीवर ठेवून बसले होते. बाहेर सपाट हिरवं रान संपत नव्हतं. मला राग येत नव्हता, त्याचीच भीती वाटली. कुणी बळजबरी केली नव्हती. तालुका इतका लांब राहिला होता आणि तरी हात आपणहून पुढे गेले होते. त्यानंतर मी गेले नाही. कामाचं कारण सांगितलं. वर्षअखेरीस तो विमानानं घरी परतला.

दुसरी लाट आली त्या उन्हाळ्यात साहेब गेले. कोरोनानंच. सरकारचा नियम होता, अंत्ययात्रेला मोजकीच माणसं. तालुक्यात साहेबांचा नियम चाले. अख्खा तालुका लोटला. कॉलेजच्या प्राचार्यांनी बापाला फोन केला, जुने लोक हवेत, साहेबांच्या बंगल्याच्या फाटकावर उभं राहायला. बाप निवृत्त होता, संस्थेत आता भाऊ नोकरीला होता. आईनं अडवलं. तो म्हणाला, "साहेब गेले आन मी घरात बसू?"

त्याला कुणी ओढून नेलं नाही. हेच मला जास्त लागतं. दिवसभर तो त्या गर्दीत उभा राहिला, रडत, मास्क हनुवटीवर.

आठवड्याभरात तो तापानं फणफणला. मग धाप. साहेबांच्या नावाच्या दवाखान्यात आईनं त्याला रिक्षातून नेलं. खाट नव्हती. वरचा मजला साहेबांच्या घरच्यांसाठी राखलेला होता. मी इथून धाकट्याला फोन लावला. त्याच्या माणसानं उचलला.

"साहेब दुःखात आहेत. नंतर करा."

साहेब. क्षणभर मला कळेना, कोणते साहेब. मेलेले की हा. मग कळलं. चितेची राख थंड व्हायच्या आत ते नाव त्याला चढवलं होतं, अंगरखा चढवावा तसं.

बाप रिक्षातच गेला, दुसऱ्या दवाखान्याच्या वाटेवर. विमानं बंद होती. मी खिडकीशी बसून भावाच्या व्हिडिओ कॉलवर पाहिलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी आणि पांढऱ्या कपड्यातले चारजण. मग नेट गेलं. ऑफिसच्या बॉसनं दाराशी फुलं ठेवली, बेल वाजवून लांब जाऊन उभा राहिला, म्हणाला, लागेल तेवढी सुट्टी घे. सुट्टी घेऊन मी काय करणार होते? रडायला मिठी मारावी असं एक माणूस त्या देशात नव्हतं.

त्यानंतर प्राचार्यांचा फोन आला. साहेबांची शोकसभा ऑनलाइन आहे, त्यातच धाकट्या साहेबांना संस्थेचं अध्यक्ष जाहीर करायचंय. "तू बोल. युरोपातून बोललीस की वजन पडतं." बापाबद्दल एक शब्द नाही. मी हो म्हटलं.

सभेत चौकोनच चौकोन. मधल्या चौकोनात धाकटा, मागे साहेबांचा हार घातलेला फोटो. एकेकजण म्हणत होता, वाघाच्या पोटी वाघ. माझी पाळी आली.

"आता थेट हॉलंडहून, साहेबांनी घडवलेली आपली कन्या."

मी म्हणाले, "मला साहेबांनी घडवलं नाही. माझ्या बापानं घडवलं. तो साहेबांच्या अंत्ययात्रेत फाटकावर उभा होता आणि त्यातच मेला. साहेबांच्या दवाखान्यात त्याला खाट मिळाली नाही." मग मी धाकट्याचं नाव घेतलं. साहेब नाही, जी नाही, नुसतं नाव. मान खाली गेली नाही. "वरचा मजला कुणासाठी रिकामा ठेवला होता, ते सांग."

माझा आवाज बंद केला गेला. मी बोलतच राहिले. मग मला सभेतून काढलं.

थोड्या वेळानं आईचा फोन. ती भावाच्या मोबाईलवर बघत होती. "शेवटाला नुसते व्हट हलत हुते तुझे. काय म्हणालीस?"

मी सगळं सांगितलं. एनस्खेडेची भांडीसुद्धा.

"खोली खाली करायला लावतील," ती म्हणाली.

"लावू दे. माझ्याकडे ये, विमानं सुरू झाली की."

"तिकडं नगं. हितंच ऱ्हाते. माझ्या भनीकडं. त्यांच्या डोळ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी प्राचार्य पुन्हा. "पोरी, भावनेच्या भरात होतं असं. माफीचा एक छोटा व्हिडिओ पाठव. साहेब मोठ्या मनाचे आहेत. आईची खोली राहील. भावाची नोकरीही."

मी भावाला विचारलं. घर त्याला चालवायचं होतं. तो म्हणाला, "गाडी चालवीन ताई. माफी नको मागू."

मी व्हिडिओ केला. सभेत तोडलेलं सगळं पुन्हा बोलले. बापाचं पूर्ण नाव घेतलं, दवाखान्याचं घेतलं, नव्या अध्यक्षाचं घेतलं. शाळेच्या, गावाच्या, जिथे जिथे माझा नंबर होता त्या सगळ्या ग्रुपवर टाकला. बहुतेक ग्रुपनी मला काढून टाकलं. आई खोली सोडून मावशीकडे गेली. भाऊ गाडी चालवतो. त्यांच्याशी गावात थोडेच लोक बोलतात, आणि माझ्याशी तर कुणीच नाही.

असू दे. एकटेपण मला नवीन नाही. माफी मी मागणार नाही. माझ्या बापाचं मरण त्यांच्या मोठेपणाच्या कथेत मी मिसळू देणार नाही. त्या घराण्यात पुढे जो कुणी खुर्चीवर बसेल, त्याला ह्या मरणाचा जाब मी विचारणार. उघडपणे. त्याचं नाव घेऊन.