दर दहाव्या हाताला

स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी सहा वाजता मी पलंगावर किट मांडलं. पोहण्याची टोपी, गॉगल, हेल्मेट, बूट, बुटांत गुंडाळलेले मोजे, नंबराची पट्टी. सगळं एका रेषेत. बायको दारातून म्हणाली, "इन्स्पेक्शनले कोण येऊन राहिलं?"

कोणीच येणार नव्हतं. मी पन्नाशी ओलांडलेला, फौजेतून रिटायर झालेला हवालदार, दुर्गजवळच्या कोहक्यात राहतो. सकाळी माझी पहिली ट्रायथलॉन होती. साडेसातशे मीटर पोहणं, वीस किलोमीटर सायकल, पाच किलोमीटर पळणं, मध्ये विश्रांती नाही.

या भानगडीत मला ओढलं श्वेताने. श्वेता म्हणजे माझ्या सेक्शनमधल्या नायक रमेश बोरकरची मुलगी. रमेश दुर्गच्या मोहन नगरचा, रेल्वेवाल्यांच्या घरातला. मी स्टील प्लांटमधल्या कारकुनाचा मुलगा. पलटणीत इकडचे आम्ही दोघंच, त्यामुळे डब्यातलं लोणचंसुद्धा वाटून खायचो. तो गेला तेव्हा श्वेता चार वर्षांची होती. आता ती बँकेत आहे आणि सकाळी प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरच्या स्विमिंग पूलवर नवशिक्यांना पोहणं शिकवते.

"काका, फौजी माणूस अन् ढेरी? चला, कल से चालू," ती म्हणाली. मी हो म्हणालो. तिला नाही म्हणणं मला कधी जमलंच नाही.

सायकल नेहरू नगरच्या सर्व्हिस रोडवर सुरू केली. पहिले पंधरा दिवस मी सगळ्यात जड गिअरवर जोर लावत होतो आणि गुडघे धरून घरी येत होतो. हलका गिअर घेऊन पाय भरभर फिरवायचे असतात, हे तिने शिकवलं. सायकलवरून उतरून लगेच पळायला लागलो तर पाय दुसऱ्याचे वाटत. तेही महिन्याभरात सुधारलं. अडलं ते पोहण्यात.

फौजेत आम्ही वर्दी घालून, हत्यार कोरडं ठेवत, डोकं पाण्याबाहेर काढून पोहायला शिकतो. समोरचा काठ नजरेतून सुटता कामा नये. पण डोकं वर राहिलं की कंबर बुडते आणि माणूस पाण्यात उभाच पोहतो. असं शंभर मीटर जातं, साडेसातशे नाही. श्वेता रोज सांगे, तोंड पाण्यात घाला. मी घालत असे आणि दोन हात मारले की डोकं आपोआप वर येई. तीन आठवडे हेच चाललं.

एका सकाळी ती वैतागली. "काका, तुमाले जमत नाही असं नाही. तुमी करून नाही राहिले. कावून वर पाहता? कोन आहे तिथं?"

पूलवर आम्ही दोघंच होतो. मी कठड्याला धरून तिला सांगितलं.

ईशान्येकडची पोस्टिंग. आम्ही दहा जण पेट्रोलवरून, म्हणजे गस्तीवरून, परतत होतो. पावसाने नदी चढली होती. पहाटे साडेपाचला दोर पलीकडे बांधला आणि एकेक जण दोर धरून उतरला. सामान ग्राउंडशीटच्या मेणकापडात बांधून पुढे ढकलायचं. मी लास्ट मॅन होतो. लास्ट मॅनचं काम एकच. शेवटचं डोकं पलीकडे पोचेपर्यंत नजर हटवायची नाही.

आठ जण पार झाले. नववा रमेश. तो मधोमध असताना वरून एक ओंडका आला. पाण्याचा सपकारा माझ्या तोंडावर बसला. मी बाहीने डोळे पुसले. उघडले तेव्हा दोर होता, ग्राउंडशीटचं गाठोडं होतं, रमेशचं डोकं नव्हतं. मी उडी मारली. काही हाती लागलं नाही, याच काठाला परत आलो.

पलीकडून सुभेदारसाहेब वायरलेस सेटवर पोस्टला कळवताना ऐकू येत होते.

"आठ पार. एक मिसिंग. लास्ट मॅन उस पार. ओव्हर."

"गिनती फिर से करो. ओव्हर."

"की है साहब. आठ. ओव्हर."

रमेश चौथ्या दिवशी खालच्या वळणावर सापडला. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत माझा जबाब आहे, 'नजर जवानावर होती.' ती नव्हती. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तिच्या आईला तर नाहीच. मला लाज वाटत होती आणि भीतीही.

श्वेता पाण्याबाहेर आली. टॉवेल उचलून निघून गेली. तीन दिवस तिचा फोन नाही. मला वाटलं, रमेशनंतर आता ही पोरही माझ्या हातून गेली. ते तीन दिवस मला कोणत्याही पोस्टिंगपेक्षा जड गेले.

चौथ्या दिवशी साडेपाचला ती पूलच्या गेटवर उभी होती. डोळे सुजलेले.

"लई राग आला होता तुमचा," ती म्हणाली. "अजून थोडा आहे. आईले सांगितलं. ती रडली, मंग म्हणाली, त्याले जेवायले बोलाव." मग म्हणाली, "वीस साल वर पाहून राहिले काका. बाबा दिसले का?"

"नाही."

"मंग आता खाली पाहा. दहा हात मारा, एक बार वर पाहा. बस."

दहा मोजायला मी त्या पेट्रोलमधल्या दहा जणांची नावं घेतली. पहिल्या हाताला सुभेदारसाहेब, मग एकेक जण, नववा मी. दहावा बोरकर, आणि वर पाहायचं. डोकं खाली राहू लागलं.

स्पर्धा शहराबाहेरच्या तलावात होती. साडेसहाला शिट्टी झाली. श्वेताही स्पर्धेत होती, तिची टोपी केशरी. तिच्या गटात पहिली येईल असं सगळे म्हणत होते. गर्दी पुढे गेली आणि मी शेवटी राहिलो. पाणी गढूळ, खाली काही दिसत नव्हतं. मी नावं घेत राहिलो. दहाव्या हाताला वर पाही, दिशा दाखवणारा फ्लोट दिसे, पुन्हा खाली.

शेवटच्या वळणानंतर बोरकर म्हणून वर पाहिलं तर काठावर केशरी टोपी उभी होती. पाण्यात गुडघाभर, नजर माझ्यावर.

मी बाहेर पडताच ओरडलो, "इथं काय करून राहिली? तुझा टाइम चाललाय!"

"जाऊ द्या टाइम." तिने हात देऊन मला वर ओढलं. "लास्ट मॅन येईपर्यंत नजर हटवाची नाही ना?"

मग आम्ही दोघं सायकलींकडे पळालो. ती तिच्या गटात चौथी आली. मी सगळ्यांत शेवटचा आलो, पण वेळेच्या आत. दुपारी रमेशच्या घरी, मोहन नगरला, जेवायला गेलो. वहिनींनी लोणचं वाढलं. मेडल मी रमेशच्या फोटोखाली ठेवलं.

नायक रमेश बोरकर. पोहणं बेताचंच होतं, तरी दोर धरायला कधी मागे राहिला नाही. मी आजही आठवड्यातून तीनदा पोहतो, आणि दर दहाव्या हाताला त्याचं नाव घेतो.