आमच्यात औषध कुणी घेत नाही

आईच्या उलट्या थांबेनात, म्हणून आम्ही तिला कळंबहून जीपने हायवेवरच्या एका दवाखान्यात नेलं. तरण्या डॉक्टरने कागद पुढे ओढून आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं, "यांनी घरी काही औषध घेतलंय का?"

आबा ताडकन उठले. "औषध? आमच्यात औषध कुणी घेत न्हाई, डॉक्टर. चाळीस वरसांचा संसार हाय. गावात इचारा."

आमच्याकडे औषध टोमॅटोवर मारतात. बाईमाणसाने औषध घेतलं म्हटलं, की तिने जीव द्यायला फवारणीची बाटली तोंडाला लावली असंच सगळे समजतात. डॉक्टर बाहेरगावचा, त्याला काय ठाऊक! मी मात्र शिकलेली, मला दोन्ही अर्थ कळत होते. तरी आबांचा अपमान झाला म्हणून माझंच डोकं फिरलं. "ते नाही म्हणाले ना? मग नाही लिहा," मी म्हणाले. त्याने लिहिलं.

पुढचे चार दिवस मी तिथल्या बाकावर मोबाइल घेऊन बसले. किडन्या बिघडल्याचं सांगणारं क्रिएटिनिन रिपोर्टमध्ये रोज चढत होतं. मी व्हिडिओ बघितले, मोठमोठ्या इस्पितळांची पानं वाचली, नातेवाइकांनी पाठवलेले काढे उडवून लावले. खरी माहिती कुठली आणि भंपक कुठली हे आपल्याला बरोबर कळतं, असा माझा तोरा होता. डॉक्टर तर मला बघून वाट बदलायला लागला. आईला मात्र मी काही विचारलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टरने मला हाक मारली. आई पदराची गाठ सोडून तपकिरी पूड जिभेवर टाकत होती.

"हे काय आजी?"

"गुडघ्याची पुडी. झाडपाल्याची हाय. नारायणगावच्या बाजारात एक बाबा बसतो. दीड वरीस खातीया, लई गुण हाय."

"मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडले.

"त्यांनी औषध इचारलं," आई म्हणाली. "ही पुडी हाय."

डॉक्टर चिडला असता तर बरं झालं असतं. तो मला बाहेर घेऊन गेला. "असल्या पुड्यांत काही जण दुखण्याच्या गोळ्या कुटून घालतात. या पुडीत काय आहे ते सांगता येणार नाही, पण किडन्या हिनंच गेल्या असाव्यात. पहिल्या दिवशी कळलं असतं तर..."

मी बाजारात गेले. बाबाच्या जागेवर एक बाई चाळण्या विकत होती. त्याचं नावगाव कुणालाच माहीत नव्हतं.

आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. किडन्या परत येणार नाहीत, हे मी सगळीकडून पडताळून पाहिलंय. त्यावर मात्र कुणाचं दुमत नाही. पुडीने काय केलं ते आम्ही आईला सांगितलेलं नाही. आबांचा धीर होत नाही, माझाही नाही.

परवा परतताना जीपमध्ये ती माझ्या कानाशी आली. "गुडघं लई ठणकत्यात गं. डॉक्टरला इचार ना, ती पुडी चालंल का? ते काय औषध न्हाई."

"विचारते," मी म्हणाले.