भाऊजींचा संडास

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. जन्मभर त्यांनी बस चालवली आणि जन्मभर बसखाली झोपून तिची दुखणी काढली. गाडीला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी राहतं घर विकून मोटारहोम घेतली. पलंग, शेगडी, घडीचं टेबल आणि मागच्या कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. ताईला म्हणाले, "आयुष्यभर लोकांना फिरवलं, आता तुला फिरवतो." खोटं कशाला बोलू, फिरवलंही. पुढे ताईचे गुडघे गेले, साखर वाढली, आणि दोघं आमच्या गावाबाहेरच्या तळावर येऊन थांबली ती थांबलीच. असल्या गाड्या उभ्या करायची ती जागा. प्रत्येक गाडीजवळ गटाराचं एक तोंड, पाण्याचा नळ मात्र पार फाटकापाशी, सगळ्यांत मिळून एक.

गाडीतल्या संडासाचं काम तसं सोपं असतं. पायाने झडप दाबली की सगळं खालच्या टाकीत पडतं. टाकीला बाहेरून एक मूठ असते. टाकी भरेपर्यंत ती बंद ठेवायची आणि भरली की ओढायची, म्हणजे पाण्याच्या लोटाबरोबर मैला नळीतून गटारात जातो. भाऊजींनी इथे डोकं चालवलं. गटार शेजारीच आहे, तर रोज हात कशाला घाण करायचे? त्यांनी मूठ कायमची उघडी ठेवली. त्यात पाणी कॅनने वाहून आणायचं, म्हणून घरात कायदा केला, एका वेळी एकच मग. झालं! पाणी निघून जायचं आणि बाकीचं टाकीत साचून वाळत राहायचं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे तो तुंबला.

संडास तुंबल्यावर भाऊजींनी सळई घातली. नको तेवढा जोर लावला आणि भांडं बुडापासून हललं. मग खालून गळायला लागलं. त्यावर त्यांनी भांड्याभोवती फटी बुजवायचं चिकट लुकण फासलं. ते वाळलं की पुन्हा गळायचं, पुन्हा नवा थर. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. बाहेरून बंद केल्यामुळे घाण पाणी आतच मुरत राहिलं आणि खालची फळी कुजत गेली. मी नाकाला पदर लावून विचारलं, "भाऊजी, तळावरच्या मेकॅनिकला बोलवू का?"

"त्या पोराला? त्याच्या जन्माआधीपासून मी इंजिनं उघडतोय. थोडंच राहिलंय आता."

ते थोडं कधी संपेचना. त्यांचे हात थरथरायला लागले होते. बोल्टवर पाना बसवताना दोनदा सटकायचा. मी पाहिलं की ते पटकन हात खिशात घालायचे.

मी दर रविवारी जायची. ताई माझ्यासाठी चहा करायची आणि स्वतः घ्यायची नाही. "आत्ताच झाला गं माझा." मला आधी खरं वाटलं. मग एकदा तिच्या ओठांकडे लक्ष गेलं, कातडी सुटली होती. मी पाण्याचा ग्लास पुढे केला तर तिने तो हळूच बाजूला सरकवला.

"नको. प्यायलं की जावं लागतं."

"मग जायचं!"

"कुठे जाऊ? इथे पाय ठेवला की खालून वर येतं. आणि तळावरचे सगळ्यांचे संडास फाटकाजवळ, त्यांना पायऱ्या. मला चढवत नाहीत. परवा वाटेतच..." शाळेत असताना मैदानात मोठमोठ्या पोरींना घाम फोडणारी माझी बहीण खाली मान घालून पदराचं टोक पिळत बसली. माझा जीव तुटला आणि डोकंही फिरलं.

"आत्ता विचारते त्यांना!"

तिने माझा हात धरला. "माझी शपथ आहे. ते रोज त्या भांड्यापुढे गुडघे टेकून बसतात. आपल्याला आता काही जमत नाही असं मनात घेतलंय त्यांनी. त्यात मी कुठे तक्रार करू?"

याला समंजसपणा म्हणायचा की मूर्खपणा, मला आजही कळत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोही हौसेने. शपथेपायी मी गप्प बसले, पण दुसऱ्या दिवशीपासून तिला माझ्याकडे आणायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींचाच फोन आला. ताई थंडीने कुडकुडत होती आणि अंग तव्यासारखं तापलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या पाणी किती पितात?"

"भरपूर," भाऊजी म्हणाले. "घरात पाण्याची कमी नाही, मी स्वतः भरतो."

ताईने डोळे मिटून घेतले. मला राहवलं नाही. भर वॉर्डात ओरडले, "घोटभर पीत नाही ती! तुमच्या त्या संडासाच्या भीतीने पाणी सोडलंय तिने!"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना खरंच माहीत नव्हतं. एवढ्याशा डब्यात दोघं राहत होती, आणि या माणसाला बायको पाणी पीत नाही हे दिसलं नव्हतं. त्यांनी चप्पल पायात अडकवली आणि निघाले. घाबरून मी मागोमाग तळावर गेले, तर ते मेकॅनिकच्या दारात उभे होते.

"बाबा रे," ते त्याला म्हणत होते, "मला जमत नाहीये."

पोरगा भला निघाला. आधी मूठ बंद करा, टाकी गच्च भरा, पाणी मुरू द्या आणि मग गाडी चालवा, आत घुसळलं जाईल, असं त्याने सांगितलं. आम्ही तिघांनी नळावरून कॅन वाहिले. दुसऱ्या दिवशी भाऊजी गाडी घेऊन मोकळ्या रस्त्यावर गेले. ज्या माणसाने उभ्या प्रवाशाला कधी धक्का बसू दिला नाही, तो वेग घेत होता आणि कचकन ब्रेक मारत होता. आतली भांडी खळाखळा वाजत होती. मी शेजारी दांडी धरून बसले होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला ते स्टिअरिंग सोडत नव्हते.

तळावर येऊन मूठ ओढली तेव्हा आधी काहीच आलं नाही. मग नळीला हिसका बसला आणि ढेकळांवर ढेकळं गटारात पडायला लागली. पुन्हा भरलं, पुन्हा फिरवलं. शेवटी स्वच्छ पाणी आलं. मग भांडं उपटून काढलं. खालची फळी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी हातात आली. नवी फळी बसली, नवी रबरी चकती बसली. बोल्ट आवळायची वेळ आली तेव्हा भाऊजींनी पाना पोराच्या हातात दिला. बादली ओतून पाहिली, एक थेंब बाहेर आला नाही. वरातीमागून घोडं म्हणा, पण घोडं आलं एकदाचं.

भाऊजी तसेच दवाखान्यात धावले. मी पोचले तेव्हा ते ताईच्या उशाशी वाकून सांगत होते, "सगळे कॅन काठोकाठ भरलेत. आता हवं तेवढं पाणी पी. एक मग नाही, दहा ओत."

डॉक्टरीणबाई आल्या आणि आम्हाला बाजूला घेतलं. पाणी न प्यायल्याने लघवीत झालेला जंतू वरपर्यंत चढला होता. मूत्रपिंडं साखरेने आधीच थकलेली, ती आता कामातून गेली होती. यंत्रावर रक्त धुवायला यावं लागेल, त्या म्हणाल्या, आणि शरीराबाहेर पाणी जात नाही, तेव्हा पाणी मोजूनच. दिवसाला ही एवढी बाटली, बस्स. चहा, आमटी, सगळं त्यातच.

ताई आता घरी आहे, म्हणजे गाडीत. संडास झकास चालतो. परवा दुपारी उकाडा होता, तिची बाटली सकाळीच संपली होती.

"अहो," ती भाऊजींना म्हणाली, "घोटभर द्या ना."

"नाही गं."

"आता तर संडास नीट झालाय ना? मी कुठे तक्रार केली का कधी? द्या ना."

भाऊजी उठले. ग्लास घेतला, कॅनच्या तोटीखाली धरला, अर्धा भरला आणि तसेच उभे राहिले. त्यांना ना तो देता येईना, ना ओतता येईना. शेवटी मी त्यांच्या हातातून काढून घेतला.